थांबलेले हृदय आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आमच्या खानदेशाला थोर माणसांची उणीव नाही. असोद्याच्या बहिणाबाई, धरणगावचे बालकवी, अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी ही नावे आमच्या वार्षिकांकात दरवर्षी हजेरी लावतात, आणि ते योग्यच आहे. मी मात्र यंदा अशा एका माणसाचे चरित्र सांगणार आहे, ज्याचा खानदेशाशी सांगण्यासारखा काहीच संबंध नव्हता. तो माणूस कविता करी, चित्रे काढी. पण जगाने त्याला ओळखले ते शल्यविशारद म्हणून. कला शाखेच्या मुलीला शस्त्रक्रियेचे काय पडले आहे, असा प्रश्न मैत्रिणींनी विचारलाच. त्याचे उत्तर ओघात येईल.

डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांचा जन्म १९१५ साली कलकत्त्याला, बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे बालपण आणि सुरुवातीचे शिक्षण नागपूरला झाले, आणि वैद्यकाचे शिक्षण मुंबईत परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात. या महाविद्यालयाला जोडून असलेले के.ई.एम. रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. नाव इंग्लंडच्या राजाचे. पण तिथे शिकवणारे अध्यापक भारतीयच असावेत असा त्या संस्थेचा बाणा होता. आजूबाजूला कापडाच्या गिरण्या, चाळी, आणि त्यांतून येणारे रोगी. कोकणातून आलेला, घाटावरून आलेला, आणि आपल्याकडून रेल्वेने रात्रभर बसून गेलेला माणूस शेवटी याच दारात उभा राहतो. सेन तिथे विद्यार्थी म्हणून आले, तिथेच प्राध्यापक झाले आणि शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुखही झाले. मध्यंतरी शिष्यवृत्तीवर अमेरिकेत फिलाडेल्फियाला जाऊन आले. तिकडेच राहण्याचा मार्ग त्यांना बंद नव्हता; ते परत आले.

ते परत आले तेव्हा हृदयाची शस्त्रक्रिया ही गोष्ट आपल्या देशात जवळजवळ अनोळखी होती. पोट उघडता येई, हात-पाय कापता येई. हृदयाला मात्र हात लावायचा नाही असा जुना दंडक होता. यामागे केवळ भीती नव्हती. हृदय उघडायचे तर त्यातले रक्त थांबवावे लागते, आणि रक्त थांबले की अडचण हृदयाची होतच नाही. अडचण होते ती मेंदूची.

हे मला फार उशिरा उमगले, म्हणून जरा सविस्तर सांगते. माणसाचा मेंदू सव्वा-दीड किलोचा. शरीराच्या वजनाच्या शेकडा दोन भाग. पण आपण श्वासातून जो प्राणवायू घेतो त्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा हा एकटाच खातो. बरे, इतके खाऊनही त्याच्या घरात साठा नसतो. स्नायूंजवळ साखरेची शिल्लक असते, यकृताजवळ तर कणगीच भरलेली असते; मेंदू मात्र हातावर पोट असलेल्या घरासारखा. आजची मजुरी आज आली तर चूल पेटणार. रक्त थांबले की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. पेशींत जी ऊर्जा तयार ठेवलेली असते ती काही मिनिटांत संपते. त्या ऊर्जेवर पेशीच्या भिंतीतले सूक्ष्म पंप चालत असतात. ते सोडियमला बाहेर आणि पोटॅशियमला आत ठेवतात. पंप बंद पडले की बांध फुटावा तसे सोडियम आणि पाणी आत शिरते, पेशी फुगते, मागोमाग कॅल्शियम शिरते आणि पेशीला आतून पोखरते. चार-पाच मिनिटांनंतर झालेले नुकसान पुष्कळदा भरून येत नाही. आणखी चमत्कारिक गोष्ट अशी की, रक्त पुन्हा सुरू झाल्यावरही हा नाश काही तास, काही दिवस चालूच राहतो. उपाशी माणसाला एकदम जेवायला घालू नये म्हणतात, तसेच काहीसे.

म्हणजे शल्यविशारदाजवळ वेळ किती? चार मिनिटे. एवढ्यात हृदय उघडायचे, आतले भोक शिवायचे आणि पुन्हा बंद करायचे.

सुरुवातीला सेनांनी हृदय न थांबवताच काम केले. गरिबाघरच्या मुलांना संधिवाताचा ताप येतो, सांधे सुजतात, बरे वाटते. आणि काही वर्षांनी कळते की हृदयाची झडप आकसून गेली आहे. मग दम लागतो, पायावर सूज येते, तरण्याताठ्या बाया बाळंतपणात दगावतात. या आजारात हृदय धडधडत असतानाच त्याच्या एका कोपऱ्यातून बोट आत घालून झडप मोकळी करतात. काही दिसत नाही, फक्त बोटाला जाणवते. पन्नाशीच्या दशकात भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्या मोजक्या लोकांत सेन होते. पण बोटाने झडप मोकळी होते, भोक शिवता येत नाही. जन्मजात छिद्र शिवायचे तर हृदय उघडलेच पाहिजे.

इथे बर्फ आला. कॅनडात टोरंटोचे डॉ. बिगेलो यांनी १९५० च्या सुमारास कुत्र्यांवर दाखवून दिले होते की शरीर थंड केले तर त्याची भूक कमी होते. तापमान एका अंशाने उतरले की मेंदूचा खप शेकडा सहा-सात भागांनी घटतो. ३७ अंशांवरून ३० अंशांवर आणले तर तो निम्म्यावर येतो. चार मिनिटांची आठ होतात. सप्टेंबर १९५२ मध्ये अमेरिकेत मिनेसोटाला डॉ. लुईस यांनी याच रीतीने पाच वर्षांच्या एका मुलीच्या हृदयातले छिद्र शिवले. ही रीत सेनांनी परळला आणली. रोग्याला भूल द्यायची, बर्फाच्या पाण्याने त्याचे अंग गार करायचे, मग हृदयाकडे रक्त आणणाऱ्या दोन मोठ्या शिरा आवळायच्या आणि घड्याळाकडे बघत टाके घालायचे. फार थंडही करून चालत नाही. २८ अंशांच्या खाली हृदय नुसते थरथरू लागते आणि मग ते ताळ्यावर आणणे कठीण. आमच्याकडे बर्फ म्हणजे लग्नाच्या दिवशी भुशात घोळून गोणपाटात बांधून आणलेली लादी! त्याच बर्फाने परळला मिनिटे विकत घेतली जात होती. पुढे हृदय आणि फुफ्फुस दोघांचे काम करणारे यंत्र आले आणि बर्फाची टाकी मागे पडली. तरीही मला सेनांचे ते बर्फाचे दिवसच अधिक भावतात. यंत्र विकत मिळते. गरीब देशातल्या महापालिकेच्या रुग्णालयात बर्फ आणि घड्याळ यांच्या भरवशावर हृदय उघडायला छाती लागते.

आता माझे थोडे सांगायला हवे. आमचे गाव पारोळा तालुक्यात. धुळे त्यातल्या त्यात जवळ, जळगाव लांब. मी दहावीत असताना आमच्या शेजारच्या नानांना विहिरीवरच्या मोटारीचा झटका बसला. कोणीतरी बडगा मारून वायर बाजूला केली. नाना पडले होते, श्वास नव्हता. मग जे सगळीकडे होते ते झाले. कांदा फोडून नाकाला लावला, चप्पल हुंगवली, तोंडावर पाणी मारले, तळपाय चोळले. गाडी यायला वेळ लागला. ती धुळ्याला पोचली तेव्हा सगळे केव्हाच संपले होते. विजेच्या झटक्याने हृदय पुष्कळदा बिघडत नाही, ते फक्त लय चुकते. म्हणजे नानांचे हृदय कदाचित शाबूत होते. त्यांच्या मेंदूची चार मिनिटे मात्र बांधावरच गेली.

कॉलेजात आल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आम्हांला एक रबरी पुतळा दाखवला. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात ठेवून, कोपर न वाकवता, मिनिटाला शंभर ते एकशे वीस वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबायचे. पहिल्याच मिनिटाला घाम फुटतो. अशा दाबण्याने नेहमीच्या रक्तप्रवाहाचा पाव ते तिसरा हिस्सा तेवढा मिळतो. पण अर्धपोटी घरही तग धरते. मुली लाजत होत्या. परक्या पुरुषाच्या छातीवर गावात कोण हात ठेवू देईल, असे एकीने विचारले, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. शिकवायला आलेल्या डॉक्टरांनी बोलता बोलता परळच्या सेनांचे नाव घेतले. मी त्यांच्यामागे लागले ते तेव्हापासून.

छाती दाबण्याची ही रीत अमेरिकेत बाल्टिमोरला कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली मांडली. त्याच गावात त्याच सुमारास पीटर साफर नावाचे भूलतज्ज्ञ तोंडाने श्वास देण्याची रीत पक्की करीत होते. १९६६ साली साफरांची अकरा वर्षांची मुलगी दम्याच्या झटक्यात गेली. तिचे हृदय पुन्हा चालू करता आले होते, मेंदू परत आला नाही. त्यानंतर साफर आयुष्यभर मेंदूला वाचवण्याच्याच मागे लागले. हृदय सुरू करणे ही अर्धीच गोष्ट, हे त्यांना ज्या किमतीला कळले ती कोणालाही न पडो.

सेनांकडे वळू. साठीच्या दशकात त्यांच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांवर प्रयोग चालत. एका विचाराने मला थक्क केले, तो सापाच्या हृदयाचा. आपल्या हृदयाच्या स्नायूला रक्त मिळते ते बाहेरून येणाऱ्या बारीक रोहिण्यांतून. त्या तुंबल्या की झटका येतो. सरपटणाऱ्या प्राण्यांत मात्र हृदयाच्या कप्प्यातले रक्त भिंतीतल्या फटींतून थेट स्नायूत झिरपते. मग माणसाच्या हृदयाच्या भिंतीला सुईने बारीक छिद्रे पाडली तर? सेन, तेहमटन उडवाडिया, किनरे आणि परूळकर या चौघांनी १९६५ साली यावर निबंध प्रसिद्ध केला. पुढे परदेशात याच कल्पनेवर लेसर किरणांनी छिद्रे पाडून पाहिली गेली. ती काही सर्वमान्य झाली नाही. पण कापसाच्या शेतात साप दिसला की काठी शोधणाऱ्या आपल्या लोकांना, त्याच सापापासून कोणी वैद्यक शिकू पाहत होते, हे ऐकून नवल वाटेल.

मग १९६८ साल उजाडले. त्याआधी ३ डिसेंबर १९६७ रोजी दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी एका माणसाचे हृदय दुसऱ्याला बसवले आणि जगभर एकच खळबळ उडाली. अमेरिकेत कांट्रोविट्झ आणि शमवे यांनी तेच केले. चौथे शल्यविशारद सेन! फेब्रुवारी १९६८ मध्ये त्यांनी के.ई.एम.मध्ये हृदयरोपण केले. आशिया खंडातले ते पहिले. कुत्र्यांवरचा अभ्यास आधीपासून असल्यामुळेच ते इतक्या लवकर सज्ज होते. रोगी तीन तासांत गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी दुसरे रोपण केले. तो रोगीही पूर्ण दिवस पाहू शकला नाही.

या शस्त्रक्रियेचा खरा पेच हातांच्या कौशल्याचा नव्हता. हृदय द्यायचे ते कोणाचे? मेलेल्याचे. पण ज्याचे हृदय थांबले आहे त्याचे हृदय काय कामाचे? ते ताजे हवे, म्हणजे धडधडते हवे. ज्याचा मेंदू कायमचा गेला आहे पण हृदय अजून चालू आहे, असाच माणूस दाता होऊ शकतो. तो जिवंत म्हणायचा की मृत? गावातली कोणतीही म्हातारी सांगेल की छाती हलते आहे तोवर माणूस आहे. कायदाही त्या म्हातारीच्याच बाजूचा होता. हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीने मेंदूच्या मृत्यूची लक्षणे जाहीर केली ती ऑगस्ट १९६८ मध्ये, सेनांच्या पहिल्या रोपणानंतर सहा महिन्यांनी. जपानात वाडा नावाच्या शल्यविशारदांनी त्याच महिन्यात रोपण केले, तर दाता खरोखर मेला होता का, यावरून त्यांच्यावर खुनाचा आरोप झाला. तो पुढे टिकला नाही. पण त्या देशात हृदयरोपण तीस वर्षे बंद राहिले.

दहा वर्षे ज्या माणसाने बर्फ लावून मेंदूला चार मिनिटांच्या जागी आठ मिनिटे दिली, हृदय थांबले तरी मेंदू मरू नये म्हणून जीव टाकला, त्याच्याच पुढ्यात आता नेमके उलटे चित्र होते. मेंदू गेलेला, हृदय चालू. माझ्या मते सेनांच्या आयुष्यातला हाच खरा अवघड क्षण होता.

त्यांच्यावर टीकाही झाली. जिथे हगवणीने आणि क्षयाने माणसे मरतात त्या देशाने हे चोचले का करावेत, असे लोक म्हणत. मला ती टीका पुरती पटत नाही. महापालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्याने फक्त हगवणीवरचेच औषध मागावे, असे कोणी ठरवले? पण सेनांचे मोठेपण मी रोपण करण्यात धरत नाही. त्या एका वर्षात जगात शंभराच्या आसपास हृदये बसवली गेली आणि बहुतेक रोगी लवकरच दगावले, कारण शरीर परके हृदय नाकारते आणि ते नाकारणे थोपवणारे चांगले औषध तेव्हा नव्हते. सेनांनी दोन केली आणि थांबले. नावलौकिकाच्या ऐन भरात हात मागे घेणे सोपे नसते. १९६९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

के.ई.एम.चीच एक दुःखद गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या कुत्र्यांच्या शस्त्रक्रियेच्या प्रयोगशाळेत अरुणा शानबाग नावाची परिचारिका काम करी. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी रुग्णालयातल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. हृदय चालत राहिले, श्वास चालत राहिला. पाहणे, ओळखणे, बोलणे गेले. मेंदूचा वरचा भाग उपासमारीला आधी बळी पडतो. श्वास चालवणारा खालचा देठ चिवट असतो. तो देठ जिवंत होता म्हणून अरुणा मृत नव्हती. दाता होणारे रोगी आणि ती यांच्यातला फरक तो एवढाच, आणि तो केवढा मोठा! त्या रुग्णालयातल्या परिचारिकांनी तिला बेचाळीस वर्षे सांभाळले. दयामरणाच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निकाल दिला. तिच्यापुरती मागणी नाकारली, कारण तिची देखभाल करणाऱ्या परिचारिकांना ती जगावी असे वाटत होते. १८ मे २०१५ रोजी ती गेली. चार मिनिटे म्हणजे काय, हे पुस्तकापेक्षा या बेचाळीस वर्षांवरून अधिक कळते.

निवृत्तीनंतर सेनांचे कुंचले आणि कविता सोबतीला होतेच. १९८२ साली ते वारले. मेंदूच्या मृत्यूला मृत्यू मानणारा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा संसदेने केला तो त्यानंतर बारा वर्षांनी, १९९४ साली. आणि त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीत डॉ. वेणुगोपाल यांनी केलेले हृदयरोपण भारतातले पहिले यशस्वी रोपण ठरले. तोवर चांगली औषधे आली होती आणि कायद्याला शब्दही सापडला होता. सेनांना दोन्ही मिळाले नव्हते.

बर्फाची गोष्ट मात्र संपलेली नाही. छाती दाबून परत आणलेल्या रोग्याचे शरीर ३३ अंशांपर्यंत थंड केले तर मेंदू अधिक वाचतो, असे २००२ साली दोन मोठ्या अभ्यासांत दिसले आणि जगभर रोगी थंड करू लागले. २०१३ आणि २०२१ सालच्या मोठ्या अभ्यासांत मात्र तेवढा फायदा दिसला नाही. ताप चढू न देणे, याच्यावर आता भर आहे; कारण तापलेला मेंदू जास्त खातो. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून झाले. १०८ क्रमांकाची गाडी २०१४ पासून आमच्या गावातही येते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा शेतातून उचलून आणलेल्या माणसाचे अंग गार ठेवणे हे त्या गाडीतले पहिल्या कामांपैकी एक काम असते. त्याआधीची चार मिनिटे बांधावर जो कोणी उभा असेल त्याची.